आवक

एकतीस वर्षं मी वजन केलं
कांदा-बटाटा मार्केटात, लसणाच्या गाळ्यांवर.
पोतं काट्यावर चढलं की आकडा ओरडायचा
आणि वहीत टिपायचा: आवक इतकी, कडता इतका.
म्हणून तुर्भे स्टोअरच्या समाजमंदिरात
वाशीच्या सोसायट्यांतून पुस्तकांची पहिली खोकी आली
तेव्हा सवयीनं म्हणालो,
बासष्ट किलो.

त्यातला चालणारा माल नऊ.
बाकी सगळा कडता:
इंजिनिअरिंग प्रवेशाची जाडजूड गाइडं,
दोन हजार बाराच्या डायऱ्या, पहिली तीन पानं लिहिलेल्या,
शेअर बाजारातून श्रीमंत कसं व्हावं, भाग एक आणि दोन,
आणि कुणा काकूंचं मधुमेहींच्या पाककृतींचं पुस्तक,
पाकाच्या डागांनी चिकटलेलं.

नऊ किलोत एकशे चार पुस्तकं भरली.
पोरांची पुस्तकं इतकी हलकी असतात
हे मला तोवर माहीत नव्हतं.

साडेपाचला पोरं येतात.
कुणाच्या केसांत दगडखाणीची पांढरी पूड,
कुणाच्या नखांत लसणाचं साल,
कारण शाळा सुटल्यापासून इथं येईस्तोवर
आईबरोबर एक पाटी निवडून होते.
मी वास ओळखतो. विचारत नाही.

अंबिका दुर्गप्पा धोत्रे, इयत्ता चौथी,
पुस्तक कव्हरपासून वाचते.
किंमत वाचते. छापखान्याचा पत्ता वाचते.
'सर्व हक्क स्वाधीन' दोनदा वाचते आणि विचारते, कुणाच्या?
मग आतल्या पानावरची निळी शाई:
चि. निनादला, पाचव्या वाढदिवसाला, नंदाआत्याकडून.
आणि त्यापुढं गोष्ट, एका कासवाची,
जे तळं शोधायला निघतं.

कासव तळ्याला पोचलं,
तरी अंबिकाचं बोट पानं उलटत राहिलं.
"आजोबा, निनाद कुठं गेला?
सुरुवातीला होता. नंतर आलाच नाही."

मी हिशेबाचा माणूस. म्हणालो,
तो गोष्टीत नाही, बाळ. पुस्तक त्याचं होतं.
"मग दिलं कशाला?"
मोठा झाला असेल.
"मोठं झालं की देऊन टाकतात?"

याला वहीत रकाना नव्हता.

दिवाळीनंतर एका कंपनीचे पैसे आले.
ठाण्याला जाऊन मी नवी पुस्तकं आणली,
तीस टक्के सूट, घासाघीस करून पस्तीस.
पोरांनी पानांत नाकं खुपसली.
अंबिकानं एक उघडलं: पहिलं पान कोरं.
दुसरं उघडलं: तेही कोरं.
"यांत कुणीच नाहीये," म्हणाली
आणि कासवच घेऊन कोपऱ्यात बसली.

भिंतीवर माझ्याच हातची पाटी आहे:
पुस्तकांवर लिहू नये. लिहिल्यास पाच रुपये दंड.

मार्चात खाण बंद झाली.
धोत्र्यांचं बिऱ्हाड तळोज्याच्या पुढं निघालं,
टेम्पोत पातेली, घण, उलटी खाट.
इंजिन चालू असताना ती धावत आली,
कासव परत द्यायला.
ठेव तुलाच, मी म्हणालो.
"नको. वहीत माझ्या नावावर राहील."
शिकवण माझीच. काय बोलणार?

रात्री परतीची नोंद करताना पुस्तक उघडलं.
निनादच्या खाली, पेन्सिलीनं,
आधी पट्टीनं रेघ मारून
मग तिला एकेक अक्षर टांगलेलं:

जो कोण घेईल त्याला, अंबिकाकडून.
बारा नंबर पानावर कासव हरवतं.
घाबरू नको. पुढं सापडतं.

आणि जागा उरली म्हणून, अगदी कडेला,
निनाद आला तर त्याला पण द्या.

म्हणजे हिशेबानं पाच रुपये येणं आहे.
पाटी मी काढलेली नाही.
फक्त नव्या पुस्तकाबरोबर हल्ली
एक पेन्सिल देतो, टोक काढून.
तिची नोंद करत नाही.